हवा शुद्ध कुठे करायची, घरात की धुराड्यापाशी?

रानवारा: हवा बिघडली की आपण मास्क लावतो, खिडक्या बंद करतो, एअर प्युरिफायर विकत घेतो. याला मी उपाय म्हणत नाही, हार मानणं म्हणतो. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून बारीक कण. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसात खोल जातात, त्यातले अगदी सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून त्रास खोकल्यावर भागत नाही, हृदयविकार आणि पक्षाघातापर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरमागे १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. घरोघरी यंत्रं बसवून ती गाठणार का? आणि दिवसभर रस्त्यावर राबणाऱ्याने यंत्र लावायचं कुठे?

सांजसावली: तत्त्व पटतं, पण माझ्या मुलाला दमा आहे. रोज सकाळी तो पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणाऱ्या नळीत, जोरात फुंकतो. काटा हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात घसरला की त्या दिवशी मैदान बंद. धोरणं बदलायला वर्षं लागतात, त्याची फुप्फुसं आत्ता वाढतायत. त्याच्या खोलीत रात्रभर हेपा फिल्टर चालतो. पांढराशुभ्र बसवलेला फिल्टर काढताना राखाडी झालेला असतो. ती काजळी त्याच्या छातीत गेली असती. याला हार म्हणू नका.

यंत्रविद: एक भर. हेपा कण धरतो, वायू नाही. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वायू त्यातून आरपार जातो, आणि तो गॅसच्या शेगडीतूनही निघतो. खिडक्या लावून स्वयंपाक केला किंवा डासांची कॉइल जाळली, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट होऊ शकते.

रानवारा: सांजसावली, यंत्र बंद करा असं मी म्हणणार नाही. पण शिशाचं पेट्रोल आठवा. मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारं ते विष कुठल्या गाळणीने थांबलं? पेट्रोलमधूनच शिसं काढलं, तेव्हा अमेरिकेत मुलांच्या रक्तातलं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त उतरलं. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ च्या धुरक्याने हजारो माणसं गेली, त्यानंतर १९५६ चा कायदा आला आणि घरांतल्या कोळशाच्या धुरावर बंधनं आली.

सांजसावली: तुमचंच उदाहरण घेऊ. पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला लागले १९२० च्या दशकात. गाड्यांसाठी ते विकणं सगळ्यात शेवटी थांबवलं अल्जेरियाने, २०२१ मध्ये. जवळजवळ शंभर वर्षं! तेवढ्या काळात वाढलेल्या मुलांच्या आयांनी काय करायचं होतं?

रानवारा: ओरडायचं होतं. एवढी वर्षं लागली कारण विकणाऱ्यांना घाई नव्हती. ज्यांना परवडतं ते आपापल्या बंद खोलीत सुरक्षित झाले की तक्रार करायला उरतो तो, ज्याचं कुणी ऐकत नाही. मला राग त्याचा आहे, तुमच्या यंत्राचा नाही. मुलाचे आकडे लिहून ठेवता का? शाळेलगतच्या वाहतुकीबद्दल मागणी करताना ते फार कामाला येतील.

सांजसावली: सगळे तारखेनिशी वहीत आहेत. मागणीपत्र लिहा, सही करते, वहीही जोडते. यंत्र मात्र चालूच राहील.