मदत हवी आहे: ऑनलाइनवाले जीएसटी भरतात की नाही? आणि बायकोच्या काजूसाठी नंबर काढावा का?

शिरोडा_बाजारपेठ

नमस्कार मंडळी. विषय रुक्ष आहे, पण दोन महिने आमच्या घरात यावरून रोज जुंपतेय, म्हणून शेवटी इथे लिहितोय.

वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याला आमचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, कुकर, शेगड्या, पावसाळ्यात छत्र्या नि ताडपत्र्या. दुकान बाबांच्या नावावर, जीएसटी कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या योजनेत, जिथे विक्रीवर सरसकट १ टक्का भरायचा. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमचा खरा धंदा. मुंबईहून चाकरमानी येतो आणि आईला काहीतरी घेऊन देतो, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं.

यंदाही चाकरमानी आले. एकाने मिक्सर हातात घेऊन बघितला, पातं कसं काढायचं ते बाबांकडून शिकून घेतलं आणि काउंटरसमोरच उभं राहून मोबाइलवर भाव काढला. आमचा ३९००, तिकडे ३४००. "बघतो काका, सांगतो." चौथ्या दिवशी कुरियरवाला पोरगा तोच खोका घेऊन आमच्याच दुकानात पत्ता विचारायला आला. बाबांनी पत्ता सांगितला, वर पाणीही दिलं. मी असतो तर दिलं नसतं.

बाबांचं म्हणणं एकच: "तेंका खयचो टॅक्स? म्हणान देतत स्वस्त." हे खरं आहे का? हा पहिला प्रश्न.

दुसरा जरा गुंतागुंतीचा. बायकोचं माहेर मातोंडला. ती तिकडच्या शेतकऱ्यांकडून काजू बी घेते, घरामागच्या पडवीत फोडून, सोलून गर काढते. आजवर ओळखीतच विकायची. आता तिला ऑनलाइन विकायचंय. एका मोठ्या साइटवर फॉर्म भरायला गेलो तर पहिल्याच पानावर जीएसटी नंबर मागतात. बाबांचा नंबर टाकू का? की नवीन काढू? नवीन काढला तर बाबांच्या कंपोझिशनला धक्का लागेल का? विक्री वर्षाला फार तर चार-पाच लाख होईल.

माडाची_बाग

बाबा बरोबर बोलतायत. ऑनलाइनवाले कसला टॅक्स भरतात! सरकारचं त्यांच्यावर प्रेम आहे. मी दोनदा मागवलं, खोक्यात बिलसुद्धा नव्हतं.

कुडाळचा_हिशेबनीस

माडाची_बाग, खोक्यात नसेल, पण ऑर्डरच्या पानावर बिल असतं. तिथून उतरवून घ्या आणि विकणाऱ्याचा जीएसटी नंबर बघा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. २७ म्हणजे महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३० गोवा. विकणारा महाराष्ट्रातला असेल तर बिलात सीजीएसटी (केंद्राचा) ९ आणि एसजीएसटी (राज्याचा) ९ टक्के दिसेल, बाहेरचा असेल तर आयजीएसटी (दोन्ही मिळून एकच) १८. मिक्सरवर दर तोच, शिरोड्यात घ्या नाहीतर मोबाइलवर. बाहेरच्या राज्यातून माल आला तरी त्या आयजीएसटीतला राज्याचा वाटा जिथे माल पोचला त्या राज्याला जातो, म्हणजे इथे महाराष्ट्रालाच. १ जुलै २०१७ च्या आधी मात्र असं नव्हतं. केंद्रीय विक्रीकराच्या काळात बंगळूरहून शिरोड्याला मिक्सर आला की कर कर्नाटकात राहायचा, आपल्या राज्याच्या हाती काही लागत नसे. बाबांची तक्रार तेव्हा केली असती तर निदान अर्धी तरी खरी ठरली असती.

शिवाय त्या साइटला विकणाऱ्याच्या पैशातून कर कापून सरकारकडे भरावा लागतो, त्याला टीसीएस म्हणतात. १ ऑक्टोबर २०१८ पासून तो १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला. रक्कम छोटी आहे, पण कोणी किती विकलं त्याचा तपशील दर महिन्याला सरकारकडे जातो. गल्ल्यावरच्या रोख विक्रीचा असा तपशील कुणाकडे जातो ते मी इथे लिहीत नाही, सगळे जाणतात.

आता ३९०० आणि ३४०० कडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे. दादा, तुमची खरेदी किती आहे?

शिरोडा_बाजारपेठ

डिस्ट्रिब्युटर ३००० लावतो, वर १८ टक्के. म्हणजे ३५४० पडतो.

कुडाळचा_हिशेबनीस

तर मग मांडू या. तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणून ५४० चं क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा करता येत नाही. ३९०० ला विकलात, १ टक्का म्हणजे ३९ भरलेत, हातात राहिले ३२१.

तुम्ही रेग्युलरमध्ये, म्हणजे जीएसटीच्या नेहमीच्या पद्धतीत असता तर ३९०० मधून कर काढल्यावर मूळ किंमत ३३०५, कर ५९५. त्यातून ५४० वजा, भरायचे ५५. हातात ३०५. म्हणजे दोन्ही पद्धतींत फरक सोळा रुपयांचा!

आणि ३४०० वाला? त्यातला कर काढला तर मूळ किंमत २८८१ उरते. तुमचा डिस्ट्रिब्युटर तुम्हालाच ३००० लावतोय. तो माणूस तुमच्या खरेदीपेक्षा कमी भावात विकतोय, आणि तेही कर भरून. याचा अर्थ त्याला कंपनीकडून माल फार खाली पडतो, किंवा सवलतीचा भार दुसरं कुणीतरी उचलतंय. बाबांना सांगा, भांडण टॅक्सशी नाही, खरेदीच्या भावाशी आहे. तालुक्यातले पाच-सहा दुकानदार मिळून कंपनीच्या माणसाला बसवा आणि एकत्र ऑर्डरचा भाव मागा. एकट्याने मागून काही होणार नाही.

तळकोकणी

आणखी एक. रेग्युलरमध्ये गेलात तर हॉटेल, होमस्टेवाले तुमच्याकडे येतील. त्यांना क्रेडिटचं बिल लागतं, कंपोझिशनवाला ते देऊ शकत नाही. आमच्या मालवणात तर गल्लोगल्ली होमस्टे आहेत.

कुडाळचा_हिशेबनीस

हे आधी बरोबर होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीच्या ७५०० पर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के झाले, पण क्रेडिटशिवाय. आपल्याकडचे बहुतेक होमस्टे त्यातच बसतात. त्यामुळे त्यांना आता तुमच्या क्रेडिटच्या बिलाचं अप्रूप नाही.

एडिसनवासी

मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या न्यू जर्सीत. धागा वाचून गंमत वाटली, कारण तुमच्या बाबांची तक्रार इथे वर्षानुवर्षं शब्दशः खरी होती.

१९९२ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने क्विल खटल्यात निकाल दिला की ज्या विक्रेत्याचं राज्यात दुकान, गोदाम किंवा माणूस नाही, त्याच्यावर ते राज्य सेल्स टॅक्स गोळा करायची सक्ती करू शकत नाही. तेव्हा विषय कॅटलॉग बघून टपालाने माल मागवण्याचा होता, पुढे इंटरनेट आलं आणि तीच पळवाट हमरस्ता झाली. गिऱ्हाइकाने तो कर स्वतःहून भरावा असा कायदा होता, पण भरणारे विरळाच. दुकानदार मात्र प्रत्येक बिलावर कर लावत होता. आमच्या राज्यात आज दर ६.६२५ टक्के आहे. हजार डॉलरच्या टीव्हीवर ६६ डॉलर म्हणजे दुकानात टीव्ही बघून घरी जाऊन मागवायला पुरेसं कारण. तुमच्या मिक्सरवाल्याचे भाऊबंद इथे भरपूर होते.

जून २०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात कोर्टाने आपलाच जुना निकाल फिरवला. साउथ डकोटाच्या कायद्यात मर्यादा होती वर्षाला १ लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार. त्यापुढे गेलात तर दुकान असो वा नसो, कर गोळा करा. बाकीची राज्यं पाठोपाठ आली. अ‍ॅमेझॉन तर एप्रिल २०१७ पासूनच सेल्स टॅक्स असलेल्या सगळ्या राज्यांत कर लावत होती.

आता तुमच्या कामाची गोष्ट. कर सारखा झाला म्हणून आमच्या जवळच्या दुकानांत गर्दी परतली का? मला तरी दिसली नाही. लोकांना घरपोच यायची सवय लागली होती. कराचा अन्याय दूर व्हायलाच हवा होता, पण दुकान त्याने तगत नाही.

शिरोडा_बाजारपेठ

मिक्सरचा हिशेब वहीत उतरवून बाबांसमोर ठेवला. पटला नाही. मग त्या मिक्सरवाल्याच्याच आईकडे गेलो, तिच्या मुलाकडून बिल मागवून घेतलं. नंबर २७ ने सुरू होणारा, पत्ता भिवंडीच्या गोदामाचा, ९ आणि ९ टक्के. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मगे आमकाच ह्यो भाव कित्या?" हाच प्रश्न आता डिस्ट्रिब्युटरला विचारायचा आहे.

काजूचं काय करू?

कुडाळचा_हिशेबनीस

बाबांचा नंबर अजिबात टाकू नका. जीएसटीत सगळं पॅनवर चालतं. बाबांच्या पॅनवर काजू राज्याबाहेर विकलेत की दुकानाचंही कंपोझिशन गेलं, कारण त्यात राज्याबाहेर माल विकता येत नाही. राज्यातल्या राज्यात कंपोझिशनवाल्याला साइटवरून विकायला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवानगी आहे, पण तुमच्या बाबतीत वहिनींचा धंदा वेगळाच आहे, तर वेगळाच ठेवा.

वहिनींच्या पॅनवर करा. पूर्वी साइटवरून माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती, मग विक्री पाच लाख असो की पाच हजार. घरगुती उद्योग करणाऱ्या बायका यातच अडकायच्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून सूट मिळाली: वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत, विक्री फक्त आपल्याच राज्यात, आणि पॅन टाकून जीएसटीच्या पोर्टलवर नावनोंदणी. एक नावनोंदणी क्रमांक मिळतो, तोच साइटला द्यायचा. रिटर्न नाही, टीसीएसही कापत नाहीत. पोर्टलवर फी नाही, कोणी हजार-दोन हजार मागितले तर ते त्याच्या मेहनतीचे समजा. साइटच्या फॉर्मवर "जीएसटी नंबर नाही" असा पर्याय बहुधा खाली कोपऱ्यात असतो, नीट शोधा.

एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थ विकण्याच्या नोंदणीचा) नंबरही लागेल, तो वहिनींच्या नावावर घ्या. बँक खातं, बीची खरेदी, पाकिटावरचं नाव, सगळं त्यांचं असू द्या. नावाला बायको आणि व्यवहार सासऱ्यांच्या गल्ल्यातून असं नको.

शिरोडा_बाजारपेठ

पण मग गोव्याचं गिऱ्हाईक? आमच्याकडे अर्धी माणसं पेडणे, म्हापशाचीच. पणजी इथून दीड-दोन तासांवर.

कुडाळचा_हिशेबनीस

इथेच गोम आहे. नागपूरला कुरियर करा, चालेल. पणजीला कराल तर ती आंतरराज्य विक्री, आणि काजूगरावर ५ टक्के कर असल्यामुळे पहिल्या पाकिटापासून नोंदणी सक्तीची. साइटवरून असो की व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन असो. आरोंद्याच्या पुलापलीकडे गेलं की कायदा बदलतो.

पणजीवाला तुमच्या घरी येऊन, पैसे देऊन, पिशवीत घालून घेऊन गेला आणि बिलावर त्याचा पत्ता नसेल, तर ती महाराष्ट्रातलीच विक्री. मात्र "इथे घेतला" असं दाखवून पार्सल पाठवणं, हे करू नका.

मडगावकर

आमी गोंयकार येतले, भिवू नाकात. येताना शिरोड्याच्या समुद्रावरही जाता येतं.

तळकोकणी

माझं मत, पूर्ण नोंदणीच करून टाका. सगळ्या देशात विकता येईल.

कुडाळचा_हिशेबनीस

चार-पाच लाखांसाठी नको. काजूचा हंगाम तीन महिने, रिटर्न मात्र बारा महिने. तिमाही पद्धत आहे, पण विक्री शून्य असली तरी भरावंच लागतं. विसरलात तर दिवसाला ५० रुपये दंड, शून्य रिटर्नला २०. वर शेतकऱ्याकडून काजू बी घेतली की नोंदणी असलेल्याला त्यावर ५ टक्के स्वतःच भरावे लागतात, रिव्हर्स चार्जने. क्रेडिट मिळतं, पण पैसे आधी खिशातून जातात. वहिनींचं गिऱ्हाईक दादर, डोंबिवली, पुण्यात आहे. चाकरमानी सगळा राज्यातच राहतो, आधी तिथे विका.

हां, स्वतःच्या बागेतला आंबा किंवा बी जशीच्या तशी विकणारा शेतकरी या सगळ्यातून बाहेर आहे. वहिनी विकत घेतलेली बी फोडून गर काढतात, म्हणून त्यांना ते लागू नाही.

शिरोडा_बाजारपेठ

उशिरा कळवतोय, क्षमस्व. नावनोंदणी क्रमांक मिळाला. पहिली ऑर्डर डोंबिवलीची, अर्ध्या किलोची. साइटचं कमिशन, त्यावर १८ टक्के जीएसटी, पार्सलचा खर्च हे सगळं धरून भाव नव्याने लावावा लागला, पहिल्या ऑर्डरीत जवळपास काहीच उरलं नाही. बायको म्हणते, हे आधी कुणी का नाही सांगितलं. खरंय, मीच विचारलं नाही.

दुकानदारांची बैठक दोनदा ठरली, दोनदा पावसाने गेली. डिस्ट्रिब्युटरने तोवर ३००० चे २९२० केले, न मागता. बाबा म्हणतात धागा वाचला असणार.

माडाची_बाग

माझंही बिल सापडलं हो, ऑर्डरच्या पानावर. २९ ने सुरू होतंय, आयजीएसटी लावलाय. बाकी, गराचा भाव काय? अख्खा किती, पाकळी किती?

शिरोडा_बाजारपेठ

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.