जुन्या सर्व्हरचे ओझे क्लायंटने का वाहावे?

सातपूरकर :
परवा येथे एका सद्गृहस्थांनी लिहिले की, लिनक्सचा फाइल शेअरिंग क्लायंट (दुसऱ्या संगणकावरचे, म्हणजे सर्व्हरवरचे, फोल्डर उघडणारा भाग) जुन्या सर्व्हरशी जुळता ठेवण्याचा खटाटोप थांबवावा, त्यातून एसएमबी १ या फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलचा कोडच काढून टाकावा आणि ज्यांचे अडते त्यांनी नवा सर्व्हर घ्यावा. सल्ला द्यायला काय जाते! नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत ज्या सीएनसी (संगणकाच्या हुकमाने धातू कापणाऱ्या) यंत्रांच्या कंट्रोलरवर विंडोज एक्सपी चालते, तेथे सर्व्हर म्हणजे ते यंत्रच असते. एक्सपीला एसएमबी १ पलीकडचे काही समजत नाही, आणि प्रोटोकॉल जुना झाला म्हणून धडधाकट यंत्र भंगारात काढा, असे मालकाला कोणत्या तोंडाने सांगायचे? आमच्याकडे ड्रॉइंग विभागातील संगणकावर लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे गाभा, आला आणि दुसऱ्या पाळीत प्रोग्रॅम यंत्रावर जाईना. पडद्यावर संदेश उमटला, ‘माउंट एरर ११२ : होस्ट इज डाउन’. तो ‘डाउन’ असलेला होस्ट माझ्यासमोर जॉब कापत होता. शेवटी माउंटच्या, म्हणजे फोल्डर जोडण्याच्या, पर्यायांत ‘व्हर्स=१.०’ (एसएमबीची आवृत्ती १) एवढे लिहिल्यावर फोल्डर उघडला. ही सोय काढून घेण्यात कोणाचे भले आहे?

गंगापूररोडकर :
तो सद्गृहस्थ मीच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो विंडोजच्या एसएमबी १ मधील दोषावर स्वार होऊन, आणि त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली असूनही लोक गाफील राहिले. त्याच वर्षी लिनक्सच्या ४.१३ कर्नलने एसएमबी १ हा आपसूक निवडला जाणारा पर्याय राहू दिला नाही, विंडोज १० च्या नव्या आवृत्तीनेही तो मूळ बसवणीतून वगळला, आणि २०१९ मध्ये लिनक्सवर फाइल शेअरिंगचा सर्व्हर चालवणाऱ्या सांबाच्या ४.११ आवृत्तीने तोच मार्ग धरला. ही सगळी मंडळी वेडी आणि सातपूरचा एक कारखाना तेवढा शहाणा, असे म्हणायचे आहे काय? क्लायंट आपणहून खालच्या पातळीवर उतरू लागला, तर मध्ये बसलेला भामटा नव्या सर्व्हरशी होणारी बोलणीही तेथपर्यंत ओढून आणील.

नाशिकरोडकर :
आपणहून उतरावे, असे सातपूरकरांनी कोठे म्हटले आहे? माझे भांडण त्या संदेशाशी आहे. आमच्या ओळखीतील एका पतसंस्थेत हाच संदेश पाहून देखभालीच्या ठेकेदाराने स्विच बदलायला लावला, नवी केबल ओढली, बिल वसूल केले, आणि जुना नॅस (जाळ्यावरची फाइल साठवणारी पेटी) होता तसाच रुसून बसला. ‘सर्व्हरला फक्त जुना प्रोटोकॉल येतो’ एवढे सरळ सांगायला क्लायंटला काय धाड भरली होती?

गंगापूररोडकर :
सांगितलेले असते, पण वाचायला हवे. डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही, उघडा; प्रोटोकॉल न लिहिल्यास एसएमबी २.१ किंवा त्यापुढचा धरला जातो आणि जुन्या सर्व्हरसाठी ‘व्हर्स=१.०’ लिहावे, असे तेथे स्पष्ट नोंदवलेले आहे.

नाशिकरोडकर :
वा! दारावर ‘घरमालक वारले’ अशी पाटी लावायची आणि ‘मागच्या दाराने या’ ही चिठ्ठी माळ्यावर ठेवायची. पतसंस्थेच्या कारकुनाने कर्नलची नोंदवही चाळावी, ही अपेक्षा ज्यांनी कधी काउंटरमागे काम केले नाही तेच करू जाणोत.

गंगापूररोडकर :
वैयक्तिक होऊ नका. संदेश वाईट आहे, हे मान्य. पण तुमच्या ठेकेदाराच्या अज्ञानाचे खापर कर्नलवर फोडू नका.

सिन्नरकर :
भांडण संदेशापाशीच अडकले आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. विंडोज सर्व्हर २००८ ची मूळ आवृत्ती एसएमबी २.० वर थांबते, त्यामुळे तेथे ‘व्हर्स=२.०’ लिहावे लागते. घाबरून थेट १.० वर उतरण्याचे कारण नाही. दुसरे असे की, ५.१५ कर्नलमधून पासवर्ड पडताळण्याची जुनी एनटीएलएम पद्धत काढून टाकली आहे, म्हणून केवळ तीच समजणाऱ्या नॅसवर ‘व्हर्स=१.०’ लिहूनही दार उघडत नाही. आमच्याकडे मध्ये एक लहान लिनक्स पेटी ठेवली आहे. ती एका जाळ्यावर यंत्राशी एसएमबी १ बोलते, दुसऱ्यावर कार्यालयाशी एसएमबी ३, आणि यंत्राला इंटरनेटचे तोंड दिसत नाही.

सातपूरकर :
पेटीची युक्ती चांगली आहे, आणि यंत्र कार्यालयाच्या जाळ्यावर उघडे ठेवू नये, हेही नाइलाजाने मान्य करतो. पण सिन्नरकर, तुमच्या त्या पेटीतील क्लायंटला एसएमबी १ येते म्हणूनच ती चालते ना? गंगापूररोडकरांच्या म्हणण्याप्रमाणे कोड काढला, तर पुढच्या अपडेटला तुमची पेटीही मुकी होईल.

गंगापूररोडकर :
बरे, सातपूरच्या यंत्रांना अभय दिले. कोड राहू द्या. असले जुने प्रोटोकॉल चालू ठेवायचे की नाही, हे ठरवणारा पर्याय कर्नल बांधतानाच मिळतो. तो उबंटूसारख्या लिनक्स वितरणांनी मुळात बंद ठेवावा आणि ज्यांना हवा त्यांनी स्वतः कर्नल बांधून घ्यावा, एवढेच आता माझे म्हणणे आहे.

नाशिकरोडकर :
म्हणजे कारकुनाने आता कर्नलही बांधायचा!