आयबीएम मॉडेल एम : प्लास्टिकचे रिव्हेट तुटले आहेत, बोल्ट बसवावेत का?

प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्या काकांच्या कार्यालयातून निकालात निघालेला आयबीएमचा मॉडेल एम कीबोर्ड काही दिवसांपूर्वी माझ्याकडे आला. मागच्या लेबलवर १३९१४०१ हा भागक्रमांक असून उत्पादनाचे वर्ष १९८८ आहे. बाहेरून तो उत्तम स्थितीत दिसतो, परंतु वरच्या रांगेतील आकड्यांच्या कळा आणि उजवीकडची एंटर या कळा जोर लावल्याशिवाय उमटत नाहीत. मॉडेल एमचा जो खणखणीत आवाज ऐकून मी तो आनंदाने घरी आणला, तो आवाजही या भागात बोथट झाला आहे. कीबोर्ड तिरका केला की आत काहीतरी खुळखुळते. वरचे आवरण काढल्यावर मोहरीएवढे काळ्या प्लास्टिकचे तुकडे बाहेर पडले आणि मागच्या पोलादी पत्र्यावरील बऱ्याच रिव्हेटांची डोकी गळून गेल्याचे दिसले. याशिवाय मागचा एक पाय मोडला आहे.

रिव्हेट जागच्या जागी चिकटवता येतील का, की सगळे काढून बोल्ट बसवावे लागतील? यंत्र मूळ स्वरूपात राहावे अशी माझी इच्छा आहे, पण त्याहून अधिक मला ते रोज वापरायचे आहे.

पहिले उत्तर

चिकटवून उपयोग होणार नाही. तो का होणार नाही, हे या कीबोर्डाची रचना पाहिली की कळते.

मॉडेल एममधील प्रत्येक कळ एका उभ्या नळीत सरकते आणि त्या नळीत एक स्प्रिंग असते. कळ दाबत गेल्यावर स्प्रिंग एका क्षणी आखडणे सोडून बाजूला वाकते, त्या झटक्याने तिच्या तळाशी असलेली छोटी पट्टी कलते आणि खालच्या मेंब्रेनवर, म्हणजे वाहक रेषा छापलेल्या प्लास्टिकच्या पातळ पानांवर, आपटते. आवाज आणि अक्षर यांचा उगम एकाच झटक्यात असल्यामुळे बोटाला इतकी स्पष्ट जाणीव होते. आता महत्त्वाची बाब अशी की मागचा पोलादी पत्रा सपाट नसून वक्र आहे, आणि सर्व नळ्या ज्या प्लास्टिकच्या पाटावर आहेत तो पाट त्या वक्र पत्र्याला घट्ट धरून ठेवण्याचे काम केवळ हे रिव्हेट करतात. ते स्वतंत्र भाग नाहीत. पाटाच्याच प्लास्टिकचे दांडे पत्र्याच्या भोकांतून काढून वितळवून त्यांची डोकी बनवलेली असतात. तीस-पस्तीस वर्षांनी हे प्लास्टिक ठिसूळ होते, सततच्या ताणामुळे डोकी तुटतात, पाट पत्र्यापासून किंचित वर उचलला जातो आणि पट्टीचा फटका मेंब्रेनपर्यंत नीट पोहोचत नाही. आपल्या कळा जोराने दाबाव्या लागतात त्याचे हे सर्वांत संभाव्य कारण आहे. एवढ्याशा तुटलेल्या टोकावर लावलेला गोंद हा ताण सहन करू शकत नाही.

योग्य दुरुस्ती म्हणजे सर्व रिव्हेट काढून त्यांच्या जागी एम२ मापाचे (२ मिलिमीटर व्यासाचे), ८ मिलिमीटर लांबीचे बोल्ट आणि नट बसवणे. आवरणाचे चार स्क्रू खोल भोकांत असल्यामुळे आपण ५.५ मिलिमीटरचा लांब आणि पातळ नट-ड्रायव्हर आधीच मिळवला असेलच. कळांच्या टोप्या काढून ठेवा आणि आतली जुळणी (पाट आणि पत्रा एकत्र) पालथी, म्हणजे पत्रा वर येईल अशी, दोन लाकडी पट्ट्यांवर टेकवा. इथपासून पत्रा पुन्हा बसेपर्यंत ती सुलटी करू नका, कारण पत्रा निघाल्यानंतर सर्व स्प्रिंगा आणि त्यांच्या तळाच्या पट्ट्या मोकळ्या असतात आणि उलटवताच त्या खाली सांडतात. उरलेली डोकी धारदार पटाशीने पत्र्यालगत छाटा, पत्रा उचला, त्याखालचे मेंब्रेन आणि रबरी चादर अलगद काढून सपाट जागी ठेवा. मग प्रत्येक दांड्याचा खुंट पाटाच्या पातळीला आणून त्याच्या बरोबर मध्यावर १.५ मिलिमीटरचे भोक पाडा. भोक बोल्टपेक्षा बारीक ठेवल्यामुळे बोल्टचे आटे प्लास्टिकमध्ये पकड घेतात. विजेच्या ड्रिलपेक्षा हाताने फिरवायचे बारीक ड्रिल वापरावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण वेगाने फिरणारे पाते प्लास्टिक वितळवते आणि मध्यावरून सरकते.

जोडताना बोल्ट मधल्या भागापासून सुरू करून कडांकडे जा आणि सुरुवातीला ते केवळ हलके बसवा. पत्र्याचा वक्र आणि पाट एकमेकांना सर्वत्र टेकल्याची खात्री झाल्यावर थोडे थोडे आवळा. अति आवळल्यास जुने प्लास्टिक तडकते आणि त्याला उपाय नाही. स्पेसबारजवळच्या सर्वांत खालच्या रांगेत जागा फारच अपुरी असते, त्यामुळे जिथे बोल्टचे डोके नीट बसत नाही तिथे तो अट्टहासाने बसवू नये.

दुसरे उत्तर

वरील पद्धत बरोबर आहे, मात्र सर्व रिव्हेट छाटणे हा परतीचा मार्ग नसलेला निर्णय आहे हेही लक्षात घ्यावे. पन्नासहून अधिक रिव्हेटांपैकी पाच-सहा विखुरलेले तुटले असतील आणि सर्व कळा व्यवस्थित उमटत असतील, तर मी कीबोर्ड उघडण्याचा सल्ला मुळीच देत नाही. आपल्या बाबतीत कळा अडत आहेत, म्हणून काम करणे रास्त आहे.

काही जण कीबोर्ड पूर्ण न उघडता केवळ तुटलेल्या जागी मागून भोक पाडून स्क्रू लावतात. हा मार्ग मला पटत नाही. मेंब्रेन आत असताना पाडलेल्या भोकाचा चुरा थेट त्याच्या तीन थरांमध्ये किंवा पट्ट्यांखाली जाऊ शकतो आणि चांगल्या चालणाऱ्या कळाही बंद पडू शकतात. शिवाय बाकीचे जुने रिव्हेट तेवढेच ठिसूळ असतात. आज दहा बदलले तर उरलेले पुढे तुटणारच.

एम२ बोल्टसाठी परदेशातून काही मागवण्याची गरज नाही. पुण्यात बुधवार पेठेतील किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मी पूर्ण काम करायचे ठरवले आहे. एक शंका उरते : मेंब्रेनवर डाव्या कोपऱ्यात तपकिरी डाग दिसतो, बहुधा कधीतरी चहा सांडला असावा. तिथल्या कळा सध्या चालतात. त्याला हात लावावा का? आणि आजच्या संगणकाला हा कीबोर्ड कसा जोडावा?

तिसरे उत्तर

डाग थरांच्या बाहेर असेल तर किंचित ओलसर, मऊ कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तो थरांच्या आत असेल आणि कळा चालत असतील तर थर विलग करू नका. त्यावरील वाहक रेषा छापील असतात आणि घासल्यास निघून जातात. एखादी रेषा खरोखरच तुटली असेल तर चांदीयुक्त वाहक रंगाचा बारीक फटकारा देऊन ती जोडता येते. डाखणी (सोल्डरिंग) मात्र चुकूनही करू नये, कारण उष्णतेने मेंब्रेनची प्लास्टिकची पाने वितळतात. मेंब्रेन अगदीच गेले असेल, तरीही मार्ग खुंटत नाही : आयबीएमने हा व्यवसाय १९९१ मध्ये लेक्समार्ककडे सोपवला आणि १९९६ पासून अमेरिकेतील केंटकी राज्यातील युनिकॉम्प ही कंपनी त्याच तंत्राचे कीबोर्ड आणि सुटे भाग बनवते. मोडलेला पायही चिकटवण्यापेक्षा तिथून किंवा एखाद्या निकामी मॉडेल एममधून मिळवणे इष्ट, कारण त्यावर संपूर्ण कीबोर्डाचा भार येतो आणि हे यंत्र चांगलेच वजनदार आहे.

जोडणीसाठी पीएस/२ चे (जुन्या संगणकांवरील कीबोर्डाच्या गोल जोडणीचे) यूएसबीत रूपांतर करणारा, आत स्वतंत्र चिप असलेला कन्व्हर्टर घ्या. केवळ पिनांचा आकार बदलणारे स्वस्त अडॅप्टर इथे चालत नाहीत. या जुन्या कीबोर्डांना आजच्या कीबोर्डांपेक्षा अधिक विद्युतप्रवाह लागतो, त्यामुळे काही कन्व्हर्टर त्यांच्यापुढे अपुरे पडतात. म्हणून परत घेण्याची अट ठरवूनच खरेदी करा. संगणकाला पीएस/२ चे खोबण असेल तर संगणक बंद असतानाच कीबोर्ड लावा किंवा काढा.

टोप्या बसवतानाची एक गोष्ट सांगायची राहू नये. कीबोर्ड उभा धरा, स्पेसबारची कड वर असू द्या; म्हणजे नळीतील स्प्रिंग योग्य बाजूला झुकते आणि टोपी दाबताच नेमकी तिच्यात बसते. प्रत्येक टोपी बसवल्यावर लगेच ती दाबून आवाज ऐका. आवाज आला नाही तर टोपी पुन्हा काढून तिरपी झालेली स्प्रिंग चिमट्याने सरळ करा. आवरण बंद करण्याआधी संगणकाला जोडून सर्व कळा तपासा, आणि त्या तपासणीत तीन-चार कळा एकदम दाबल्यावर एखादी उमटली नाही तर तो दोष समजू नका, कारण मॉडेल एमच्या मेंब्रेनची मूळ रचनाच तशी आहे.