डॉलरवर देवाचं नाव, मग सरकार आणि धर्म वेगळे कसे?

कृष्णाकाठ, सांगली: भाचा आलाय अमेरिकेतनं, त्याची एक डॉलरची नोट हातात घेऊन बघितली तर मागं मधोमध ‘वन’च्या वर ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ छापलंय. हे चालतं कसं तिथं?

मिरजवाली: दादा, नाण्यांवर १८६४ पासनं आहे, पण देशाचं ब्रीदवाक्य झालं १९५६ ला. शाळेतल्या प्रतिज्ञेत ‘अंडर गॉड’ पण १९५४ लाच घातलं, समोर नास्तिक कम्युनिस्ट रशिया होता ना, मग आम्ही देव मानणारे हे दाखवायचं होतं.

विटेकर: पण घटना वाचा की, सरकारी पदासाठी धर्माची अट नाही असं स्पष्ट लिहिलंय आणि १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीनं सरकारी धर्मच नको म्हटलंय, १९६२ ला सरकारी शाळेनं म्हणून घेतलेली प्रार्थना पण सुप्रीम कोर्टानं घटनाबाह्य ठरवली. माझ्या मते खरी अमेरिका ही, नोटेवरची नाही.

कृष्णाकाठ, सांगली: बरं, पण भाच्याची पोरगी तिसरीत आहे, तिला ती प्रतिज्ञा म्हणावीच लागती का?

मिरजवाली: नाही, सक्ती करता येत नाही असं कोर्टानं १९४३ लाच सांगितलंय, तेही ऐन महायुद्धात. मला त्यांचं हेच लई आवडतं. पण वर्गात सगळी उभी असताना एकटं बसून राहायचं, लहान पोराला ते जड जातंच हो.