मागच्या रांगेत तीन कारसीट: तुमचे अनुभव सांगा

धाकट्या बहिणीला जुळे होणार असल्याचे कळले आणि आमची ती वर्षे आठवली. तिची थोरली चार वर्षांची आहे, म्हणजे लवकरच तिच्या सेडानमध्ये तीन कारसीट लागतील. अमेरिकेत २००२ पासूनच्या गाड्यांत लॅच, म्हणजे कारसीट पट्ट्याऐवजी गाडीतल्या हुकांना अडकवण्याची सोय, असते, पण खालचे हूक बहुधा कडेच्या दोन जागांनाच असतात. त्यामुळे मधली सीट आम्ही पट्ट्यानेच बांधत असू. सीटमध्ये गुडघा रोवून पट्टा आवळायचा आणि पट्टा जातो तिथे धरून हलवल्यावर सीट एक इंचाहून अधिक सरकली नाही, तरच गाडी काढायची, हा यजमानांचा नियम होता. आपण काय केलेत, ते सविस्तर लिहा; मी सगळे तिला वाचून दाखवणार आहे.

*

ताई, खरी अडचण बूस्टरच्या, म्हणजे मोठ्या मुलाला उंच बसवून गाडीचाच पट्टा लावायच्या सीटच्या, बकलाची असते. शेजारच्या सीटखाली ते दबते आणि मुलाची बोटे तिथवर पोहोचत नाहीत. आयसोफिक्सची, म्हणजे लॅचसारखीच हुकांना अडकवायची, सीट हूक असतील तिथेच अडकते. तीच सीट पट्ट्याने बांधण्याची सोय असेल, तर दाराकडे दोन बोटे सरकवता येते आणि तेवढ्यात बकल मोकळे होते.

*

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. येथे मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत कारसीट सक्तीची आहे. मागे दोन सीट बसवल्यावर तिसरीला जागाच उरत नसेल, तर तीन वर्षांवरील मुलाला मोठ्यांच्या पट्ट्याने बसवण्याची सवलत आहे; पण तो पट्टा लेकीच्या गळ्याशी येत असे, म्हणून आम्ही अरुंद सीट शोधली. जुळ्यांचे मनापासून अभिनंदन!

*

पुण्यात आमच्या जुन्या गाडीत मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा होता आणि त्यावर बूस्टर चालत नाही. १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा कारसीटविना बसवल्यास आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार हजार रुपये दंड आहे, तरीही घरातली मोठी माणसे बाळ मांडीवर मागतात. सासूबाईंना मी शांतपणे समजावले. त्यांनी ऐकले, याचे मला आजही समाधान वाटते.

*

अरुंद म्हणजे नेमकी किती रुंद? कोणती घेतलीत?

*

डिओनो कंपनीची रेडियन, साधारण १७ इंच. मात्र घेण्यापूर्वी ती बहिणीच्याच गाडीत बसवून, दोन्ही दारे लावून पाहा.