आरएक्स १०० : मॅग्नेट साइडचा ऑइल सील दोनदा बदलला, तरी तेच

केरीकरीण :
बाबांची यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल, ९४ चं मॉडेल. बोअर करून, नवा पिस्टन आणि क्रँकची बेअरिंगं घालून इंजिन बांधलं. बांधलं गॅरेजवाल्या काकांनी. मी फक्त नटबोल्टांच्या वाट्या सांभाळल्या. पंधरा दिवस छान चालली. मग चोर्ला घाटात ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन ओरडतच राहिलं. प्लग काढला तर पांढराफटक. क्रँकच्या टोकावरचा मॅग्नेट खोलला तर मागे सगळं तेलकट, ऑइल सीलचा (शाफ्टभोवतीच्या रबरी कडीचा) ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, कडक होऊन चिरलेला.

जुना सील व्हर्नियरने मोजून नेला होता. आतलं माप पूर्ण आकड्यात न येता पॉइंटमध्ये आलं. दुकानदार म्हणाला, पॉइंटने काय होतं, हा बसतो. बसला, खरंच. दुसरा दुसऱ्या दुकानातून आणला, तोही तसाच गेला. नेमकं माप काढायचं कसं?

म्हापशाचा फिटर :
ताई, आधी गाडी बंद ठेव. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच जातं. सीलमधून हवा ओढली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, आणि नवा पिस्टन जाम होतो.

जुना सील मोजायचाच नाही. सुट्ट्या सीलचं भोक शाफ्टपेक्षा लहानच असतं, म्हणून तर ओठ आवळून बसतो. शाफ्ट २५ चा असेल तर भोक साडेतेवीसच्या आसपास भरेल. त्यावरून तू २४ चा घातलास तर ओठ जास्त आवळणार, तापणार, जळणार. शाफ्ट मोज, केसिंगचं घर, म्हणजे सील बसतो ती खोबण, मोज. जुन्या सीलवर पुसट आकडे असतील तर तेच धर : शाफ्ट, घर, जाडी. आणि मॅग्नेट साइडचा नि क्लच साइडचा सील एकच समजू नकोस.

केरीकरीण :
शाफ्ट मोजला, आकडा पूर्ण आला! एवढ्यासाठी दोन सील फुकट गेले. पण ओठ टेकतो तिथे नखाला बारीक चर लागतो.

फोंड्याहून :
जुन्या क्रँकला असतो. घरात जागा असेल तर सील मिलिमीटरभर अलीकडे बसव, ओठ कोऱ्या जागेवर येईल. चर खोल असेल तर बेळगावला लेथवाल्याकडून शाफ्टवर स्लीव्ह (पातळ नळी) चढवून घे.

बसवताना स्प्रिंगची बाजू क्रँककडे. ओठाला ग्रीस लावायचं, कोरडा घालायचा नाही. शाफ्टवर मॅग्नेटच्या चावीची खाच आहे ना, तिच्यावर टेप गुंडाळूनच सील सरकवायचा. नाहीतर खाचेची धार ओठ कापते आणि बाहेरून दिसतही नाही. ठोकायला सीलच्या बाहेरच्या मापाचा सॉकेट घे.

पांढरा धूर आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होत असेल तर क्लच साइडही बघ.

केरीकरीण :
धूर नाही, तेलही जिथल्या तिथे. सील आकड्यावरून मागवला. टेपचं मात्र काकांना सांगायचं कसं? ते चाळीस वर्षं सील हातोडीने ठोकतायत, आणि चहा मीच करते.

म्हापशाचा फिटर :
चहा देताना टेप तूच गुंडाळून ठेव.