सुट्या द्राक्षमण्यांचा घरगुती बेदाणा : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगलीच्या बाजारात घडातून सुटलेले द्राक्षमणी स्वस्तात मिळतात. गोडीला काही कमी नसतात, पण देठाजवळ उघडे पडल्यामुळे लवकर आंबतात आणि अर्धे फेकले जातात. इतकं चांगलं फळ वाया गेलेलं बघवत नाही.

तासगावकडे शेडवर घड बुडवतात ते लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घालून. त्यानं सालीवरचा मेणाचा थर मोडतो आणि सावलीत साधारण पंधरा दिवसांत माल वाळतो. घरी हे रसायन नको आहे. त्याऐवजी मणी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, लगेच गार पाण्यात टाकून, फडक्यावर कोरडे करून जाळीवर एका थरात पसरतो. रंग तपकिरी येतो, त्याची हरकत नाही. अडचण देठाच्या जागेची आहे. तिथल्या खड्ड्यातून रस गळतो, मणी जाळीला चिकटतात आणि नेमकी त्याच खड्ड्यात पांढरी बुरशी धरते. बाकी साल स्वच्छ असते.

असे मणी खड्डा वर करून ठेवावेत की उभे चिरून वाळवावेत? सुरुवातीला कडक ऊन आणि मग सावली, असं कुणी केलंय का? चार किलोचा एक किलो उरला की डब्यात भरावेत, की आणखी वाळू द्यावेत?